अक्षरमालेचें शेवटचें शून्य

शिवकालांतील एखादें अस्सल पत्र ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आली असेल. पत्राच्या आरंभीं जशी मोठी मुद्रा असते, तशी शेवटीं एक लहान मुद्रा असते. तिला मोर्तब म्हणतात. छत्रपति शिवाजी महाराजांच्या पत्रांवरील मोर्तबाचीं अक्षरें 'मर्यादेयं विराजते' अशीं आहेत. पत्र येथें संपलें. यापुढें कोणीं एक शब्द वाढविला, तर तो धन्याचा नव्हे, एवढा अर्थ त्या लहानशा ठशांत भरलेला असे. मजकूर कोठें संपतो हें सांगण्याचे दोन मार्ग आहेत. एक, आरंभींच त्याची लांबी मोजून लिहावयाची. दुसरा, शेवटीं खूण करावयाची. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत संगणकासाठीं भाषा रचणाऱ्या मंडळींपुढेंहि हाच प्रश्न उभा राहिला, आणि त्यांपैकीं सी या नांवाच्या भाषेनें मोर्तबाचा मार्ग पत्करला. त्या निवडीनें काय साधलें, काय बिघडलें, आणि मराठी लिहिणाऱ्यांचा तिच्याशीं कोणता संबंध येतो, याचा विचार या भाषणांत करावयाचा आहे.

सी ही भाषा १९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत, मरे हिल या गांवच्या बेल प्रयोगशाळेंत, डेनिस रिची यांनीं घडविली. त्यांचे सहकारी केन टॉमसन हे तेथेंच युनिक्स नांवाची व्यवस्थापक आज्ञावली रचीत होते. यंत्रानें काय करावें हें क्रमवार सांगणाऱ्या सूचनांच्या समूहास आज्ञावली किंवा प्रोग्राम म्हणतात. १९७३ मध्यें युनिक्सचा गाभा सी भाषेंत नव्यानें लिहिला गेला, आणि तेथून या भाषेचा प्रसार सुरू झाला. १९७८ मध्यें ब्रायन कर्निहॅन व रिची यांचें सी भाषेवरील पुस्तक निघालें. १९८९ मध्यें अमेरिकेंत व १९९० मध्यें आंतरराष्ट्रीय पातळीवर तिचे नियम प्रमाण म्हणून ठरले. अर्धशतक लोटलें, तरी ही भाषा अडगळींत पडलेली नाहीं. अँड्रॉइड जातीच्या मोबाइल टेलिफोनच्या मुळाशीं असलेला लिनक्सचा गाभा मुख्यतः सी भाषेंतच लिहिलेला आहे. शाळा-कॉलेजांतील मुलें ज्या पायथन भाषेंत पहिले धडे गिरवितात, त्या भाषेचा सर्वांत प्रचलित दुभाषी स्वतः सी भाषेंत लिहिलेला आहे. म्हणून सी भाषा अक्षरें कशीं सांभाळते, हा प्रश्न केवळ त्या धंद्यांतील लोकांचा राहिलेला नाहीं. ज्या घरांत टेलिफोन आहे त्या घराचा तो आहे.

प्रथम एकट्या अक्षराचा विचार करावा. संगणकाला अक्षर ठाऊक नसतें. त्याला संख्या ठाऊक असते. तेव्हां कोणत्या अक्षरासाठीं कोणती संख्या वापरावयाची, याचा संकेत माणसांनीं आधीं ठरवावा लागतो. तारायंत्रासाठीं बिंदु व रेघा यांचा जसा संकेत ठरला होता, तसाच हा. १९६३ मध्यें अमेरिकेंत आस्की नांवाचा असा एक संकेत प्रसिद्ध झाला व १९६७ मध्यें त्याची सुधारणा झाली. त्यांत ० पासून १२७ पर्यंत एकूण १२८ संख्या आहेत. इंग्रजीतल्या मोठ्या ए या अक्षराला ६५, बीला ६६. लहान ए ला ९७, बीला ९८. कोणतेंहि मोठें अक्षर घ्यावें, त्यांत ३२ मिळविले कीं तेंच लहान अक्षर येतें. सी भाषेंत अक्षराला जी जागा मिळते ती एका बाइटाची. आणि बाइट म्हणजे ० ते २५५ यांपैकीं कोणतीहि एक संख्या मावेल एवढें घर.

येथें नवशिक्याची पहिली फसगत होते. सी भाषा अक्षर आणि संख्या यांत भेद मानीत नाहीं. अक्षरांची बेरीज-वजाबाकी ती खुशाल करूं देते, आणि पुष्कळदां तें सोईचेंहि असतें. सात हा अंक अक्षर म्हणून लिहिला, तर त्याची संख्या ५५. शून्य हा अंक अक्षर म्हणून लिहिला, तर त्याची संख्या ४८. पहिलींतून दुसरी वजा केली कीं खरोखरीचे सात हातीं येतात. पण यावरून हेंहि ध्यानांत यावें कीं, कागदावर दिसणारें शून्य आणि मूल्यानें शून्य असलेली संख्या या दोन अगदीं निराळ्या वस्तु आहेत. पहिलें एक दृश्य चिन्ह आहे. त्याचें मूल्य ४८. दुसरें कोणत्याहि दृश्य अक्षराला दिलेलें नाहीं. सी भाषेचें मोर्तब तें हें दुसरें शून्य होय. लिहितांना तें उलटी तिरपी रेघ व तिच्यापुढें शून्य असें लिहितात.

एकाहून अधिक अक्षरें ओळीनें मांडलीं कीं अक्षरमाला होते. इंग्रजींत तिला स्ट्रिंग म्हणतात, आणि या धंद्यांतील मराठी माणसेंहि बोलतांना स्ट्रिंगच म्हणतात. संगणकाची स्मृति ही एक लांबच लांब चाळ आहे, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. खोल्या एकीला एक लागून आहेत. प्रत्येक खोलीवर अनुक्रमांक आहे. प्रत्येक खोलींत एक बाइट राहतो. मात्र या चाळींत दोन बिऱ्हाडांच्या मध्यें भिंत नाहीं. पुणें हें नांव इंग्रजी मोठ्या अक्षरांत साठवावयाचें झाल्यास पी, यू, एन आणि ई हीं चार अक्षरें ८०, ८५, ७८ व ६९ या संख्यांच्या रूपानें चार खोल्यांत बसतात, आणि पांचव्या खोलींत शून्य बसतें. आज्ञावलीच्या हातीं राहतो तो फक्त पहिल्या खोलीचा क्रमांक, म्हणजे पत्ता. नांव वाचावयाचें असलें कीं त्या पत्त्यापासून निघावयाचें, एकेक खोली पाहात पुढें जावयाचें, आणि शून्य भेटलें कीं थांबावयाचें. नांव कोठें सुरू होतें हें भाषेला ठाऊक असतें. तें किती लांब आहे व त्याच्यासाठीं किती खोल्या राखून ठेवल्या होत्या, हें त्या पत्त्यावरून कळत नाहीं.

अवतरणचिन्हांचा भेदहि यावरूनच उलगडतो. सी भाषेंत एकेरी अवतरणचिन्हांत लिहिलेलें ए हें एक अक्षर, म्हणजे एक संख्या. दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिलेलें तेंच ए ही अक्षरमाला. तिला दोन खोल्या लागतात, एक अक्षराची व एक शून्याची. दुहेरी चिन्हांच्या पोटांत कांहींच लिहिलें नाहीं, तरी एक खोली लागतेच. कारण रिकाम्या पत्रालाहि मोर्तब हवें.

ही पद्धति कोणाच्या नजरचुकीनें आलेली नाहीं. सी भाषेची आजी म्हणावी अशी बीसीपीएल नांवाची भाषा मार्टिन रिचर्ड्स यांनीं १९६७ च्या सुमारास तयार केली होती. तींत अक्षरमालेच्या अगदीं पहिल्या घरांत तिची लांबी लिहून ठेवीत. घर लहान, त्यांत मोठी संख्या मावावयाची नाहीं; म्हणून २५५ अक्षरांहून लांब माला करतां येत नसे. टॉमसन यांनीं त्या भाषेवरून बी ही भाषा केली, तेव्हां लांबीचें घर काढून शेवटीं खुणेचें एक चिन्ह ठेवलें. रिची यांनीं सीमध्यें तीच रीत घेतली व खुणेच्या जागीं शून्य बसविलें. १९९३ मध्यें सी भाषेच्या घडणीचा इतिहास लिहितांना त्यांनीं याचीं दोन कारणें दिलीं आहेत. लहान घरांत लांबी लिहिल्यानें येणारें बंधन टाळावें, हें एक. आणि लांबीचा हिशेब सतत सांभाळण्यापेक्षां शेवटची खूण ठेवणें अनुभवानें अधिक सोईचें वाटलें, हें दुसरें.

ही सोय खोटी नव्हती. त्या काळच्या यंत्रांत जागेची टंचाई असे; एका शून्याच्या खर्चांत हवी तेवढी लांब अक्षरमाला मिळत होती. शिवाय पुणें या नांवाच्या पहिल्या खोलीऐवजीं तिसऱ्या खोलीचा पत्ता दिला कीं एन व ई या दोन अक्षरांची एक नवी माला आयती मिळते. कांहीं उचलावें लागत नाहीं, कांहीं उतरून घ्यावें लागत नाहीं. नांवाचें आडनांव वेगळें काढणें, ओळींतून शब्द वेचणें, अशीं कामें या रीतीनें फार थोडक्यांत होतात. सी भाषेंतील जुन्या आज्ञावल्या वाचणाऱ्यास जो एक सुटसुटीतपणा जाणवतो, त्याचा पुष्कळसा भाग या शून्याच्या पदरीं घातला पाहिजे.

परंतु संसारांत कोणतीहि सोय फुकट मिळत नाहीं. पहिली किंमत वेळेची आहे. लांबी कोठें लिहिलेली नसल्यामुळें ती विचारतांच प्रत्येक वेळीं आरंभापासून शून्यापर्यंत चालत जाऊन मोजावी लागते. हें काम करणारें स्ट्रलेन नांवाचें फंक्शन भाषेबरोबरच मिळतें. नवशिका दहा हजार अक्षरांचा मजकूर तपासावयास बसतो, आणि प्रत्येक अक्षरापाशीं येऊन लांबी किती हें त्या फंक्शनला पुन्हा विचारतो. दहा हजार वेळां दहा हजार पावलें, म्हणजे दहा कोटी पावलें झालीं. लांबी एकदांच विचारून लिहून ठेवली असती, तर सारें काम वीस हजार पावलांत उरकलें असतें. दुसरी किंमत समजुतीची आहे. दोन अक्षरमाला सारख्या आहेत काय हें पाहण्यासाठीं अनुभव नसलेला माणूस दोहोंच्या मध्यें बरोबरीचें चिन्ह घालतो. पण त्याच्या हातांत माला नसतात, पत्ते असतात. त्यामुळें दोन निरनिराळ्या जागीं पुणें हेंच नांव लिहिलेलें असलें, तरी यंत्र तीं नांवें सारखीं नाहींत असें सांगतें. घरें निराळीं असलीं म्हणून माणसाचें नांव निराळें होत नाहीं, हें यंत्राला समजावयाचें कसें? त्यासाठीं एकेक अक्षर ताडून पाहणारें स्ट्रकंप नांवाचें वेगळें फंक्शन वापरावें लागतें.

तिसरी किंमत सर्वांत भारी आहे. एक माला दुसऱ्या जागीं उतरून घेणारें स्ट्रकॉपी नांवाचें फंक्शन आहे. तें इमानी कारकुनासारखें शून्य भेटेपर्यंत उतरत राहतें. पण उतरून घेण्यासाठीं नेमून दिलेली जागा पुरेल काय, हें तें पाहात नाहीं. कारण तें त्याला कोणीं सांगितलेलेंच नसतें. पांच खोल्या राखल्या आणि मुंबई हें नांव इंग्रजी सहा अक्षरांत आलें, तर मोर्तब धरून सात खोल्या लागतात. पांच भरल्यावर उरलेलीं दोन शेजाऱ्याच्या बिऱ्हाडांत शिरतात. मध्यें भिंत नाहीं, म्हणून कोणी अडवीत नाहीं; आणि शेजारच्या खोल्यांत जें कांहीं ठेवलेलें असेल, तें बोभाटा न होतां पुसलें जातें. कधीं तेथें कामाचें कांहींच नसतें व चूक वर्षानुवर्षें लपून राहते. कधीं तेथें एखादा महत्त्वाचा पत्ता असतो.

तो पत्ता कोणता, हें जगाला १९८८ मध्यें कळून आलें. आज्ञावलींतील एखादें फंक्शन आपलें काम संपविलें कीं जेथून बोलावणें आलें तेथें परत जातें. परत कोठें जावयाचें याची चिठ्ठी पुष्कळ यंत्रांत त्या फंक्शनच्या तात्पुरत्या खोल्यांच्या शेजारींच ठेवलेली असते. त्या वेळच्या विद्यापीठांतील यंत्रांवर फिंगर नांवाची एक सेवा चाले. अमुक मनुष्य या यंत्राचा वापर करतो काय, अशी दूरवरून चौकशी करण्यासाठीं ती होती. चौकशीची ओळ घेण्यासाठीं तीमध्यें ५१२ बाइटांची जागा राखलेली होती, आणि ओळ वाचण्याचें काम गेट्स नांवाच्या फंक्शनकडे सोंपविलेलें होतें. या फंक्शनला फक्त पत्ता देतां येई, जागा किती ती सांगतांच येत नसे. ओळ संपेपर्यंत येईल तेवढें तें आंत घेई.

२ नोव्हेंबर १९८८ रोजीं कॉर्नेल विद्यापीठाचा रॉबर्ट मॉरिस या नांवाचा एक विद्यार्थी या उणीवेचा फायदा घेणारी आज्ञावली जाळ्यावर सोडून मोकळा झाला. ती ५१२ हून अधिक लांबीची ओळ पाठवी. जादा बाइट शेजारच्या खोल्यांत शिरत, परतीची चिठ्ठी पुसून तिच्या जागीं दुसरा पत्ता लिहीत, आणि व्हॅक्स जातीचें यंत्र परत जाण्याऐवजीं त्या ओळींतच दडविलेल्या सूचना पाळूं लागे. यंत्रांत शिरण्याच्या इतरहि वाटा तिच्यापाशीं होत्या. एका यंत्रांतून दुसऱ्यांत ती आपणच आपली प्रत पाठवीत गेली, आणि प्रतींच्या गर्दीनें यंत्रें ठप्प झालीं. त्या वेळीं सुमारें ६,००० यंत्रांना तिची लागण झाली, असा अंदाज करण्यांत आला होता. १९९० मध्यें न्यायालयानें मॉरिस याला तीन वर्षांची देखरेखीखालची मोकळीक, ४०० तासांची समाजसेवा आणि दंड अशी शिक्षा दिली. त्याचे वडील त्याच बेल प्रयोगशाळेंत युनिक्सच्या सुरक्षिततेवर काम केलेले शास्त्रज्ञ होते, ही गोष्ट त्या वेळीं सर्वांच्या तोंडीं झाली होती.

ही चूक कोणाची म्हणावयाची? भाषेनें शेवटची खूण दिली होती. पण जागेची मर्यादा पाळण्याचें काम लिहिणाऱ्यावर सोंपविलें होतें. लिहिणाऱ्यानें पाठविणाऱ्याच्या सौजन्यावर भरंवसा ठेवला. मोर्तब हें पत्र कोठें संपतें तें सांगतें. पेटींत किती पत्रें मावतील तें सांगत नाहीं. या दोन मर्यादा निराळ्या आहेत, आणि सी भाषेंतील अक्षरमालांच्या चुकांचें मूळ बहुतेक या दोहोंची गल्लत होण्यांत आहे.

सुधारणा झाली, पण सावकाश. गेट्स हें फंक्शन २०११ च्या प्रमाणग्रंथांतून काढून टाकण्यांत आलें, म्हणजे त्या घटनेनंतर २३ वर्षांनीं. त्याच्या जागीं एफगेट्स वापरावें असें शिकवितात. त्याला पत्त्याबरोबर जागेचें मापहि द्यावें लागतें, आणि तें मोर्तबासाठीं एक खोली राखूनच भरतें. मात्र माप मागणारें प्रत्येक फंक्शन निर्धोक असतें, असें समजणें हीहि एक फसगत आहे. स्ट्रएनकॉपी नांवाचें फंक्शन माप घेतें खरें. परंतु मजकूर त्या मापाएवढा किंवा त्याहून लांब असला, तर तें शेवटचें शून्य लिहीतच नाहीं. जुन्या युनिक्समध्यें फाइलीचें नांव १४ अक्षरांच्या ठराविक चौकटींत ठेवीत. चौकट पूर्ण भरली तर शून्याची गरज नसे. अशा चौकटी भरण्यासाठीं तें केलेलें होतें. तें अक्षरमालेसाठीं वापरणारा मोर्तबावांचून पत्र धाडतो, आणि वाचणारा शेजाऱ्याचा मजकूरहि त्याच पत्राचा म्हणून वाचीत सुटतो.

यावर कोणी म्हणेल, मग बीसीपीएलप्रमाणें आरंभीं लांबी लिहिणेंच बरें नव्हे काय? पुढच्या काळांतील जावा, पायथन यांसारख्या भाषांनीं लांबी मालेबरोबर बाळगण्याचा मार्ग घेतला आहे, आणि जागेबाहेर पाऊल पडतांच त्या भाषा स्वतः अडवितात. तरीहि केवळ लांबी लिहिली म्हणून काम भागत नाहीं. एप्रिल २०१४ मध्यें ओपनएसएसएल या, सी भाषेंत लिहिलेल्या आणि गुप्त दळणवळणासाठीं जगभर वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलींत एक दोष उघडकीस आला. त्याला हार्टब्लीड असें नांव पडलें. तेथें संदेशाबरोबर त्याची लांबी पाठविण्याची रीत होती. पाठविणाऱ्यानें चार अक्षरें पाठवून लांबी हजारोंनीं सांगितली, तरी आज्ञावली ती खरी मानी, आणि उत्तरादाखल शेजारच्या खोल्यांतील ६४ किलोबाइटांपर्यंतचा मजकूर, त्यांत कोणाचे परवलीचे शब्द असले तर तेहि, परक्याच्या हातीं देई. सांगितलेली लांबी आणि खरी लांबी ताडून पाहणारी एक ओळ तेथें लिहावयाची राहिली होती. तात्पर्य, खूण असो वा मोजमाप असो, तें पडताळून पाहणारा कोणी तरी असावा लागतो.

आतां मराठीकडे वळावें. आस्कीच्या १२८ संख्यांत देवनागरीला जागा नव्हती. जगांतील लिपींना एकाच संकेतांत आणणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ति १९९१ मध्यें निघाली, आणि देवनागरीला तींत १२८ स्थानांचा एक गट मिळाला. पण त्या स्थानांचे क्रमांक २५५ हून पुष्कळ मोठे; एका बाइटाच्या खोलींत ते मावत नाहींत. ते जसेच्या तसे दोन-दोन बाइटांत लिहिले, तर इंग्रजी अक्षराचा एक बाइट शून्य होतो, आणि सी भाषेंतील प्रत्येक आज्ञावली त्या शून्याला मोर्तब समजून पहिल्याच अक्षरापाशीं थांबते. म्हणजे वीस वर्षांत लिहिलेलें सारें टाकून द्यावें, कीं जगाच्या लिपी बाहेर ठेवाव्या, असा पेंच होता.

तो सोडविण्यांत टॉमसन यांचाच हात होता. सप्टेंबर १९९२ मध्यें त्यांनीं रॉब पाइक यांच्यासह न्यू जर्सीमधील एका खाणावळींत जेवतां जेवतां, ताटाखालच्या कागदावर, यूटीएफ-८ या पद्धतीची आंखणी केली. तींत आस्कीचीं अक्षरें पूर्वीप्रमाणें एका बाइटांतच राहतात. इतर लिपींतील चिन्हांना दोन, तीन किंवा अधिक बाइट मिळतात, आणि त्या बाइटांतील प्रत्येक संख्या १२८ किंवा तीहून मोठी असते. त्यामुळें कोणत्याहि चिन्हाच्या पोटांत चुकूनहि शून्य येत नाहीं. मोर्तबाची शिस्त मोडली नाहीं, आणि लिपींना दार उघडलें. देवनागरींतील म हें अक्षर या पद्धतींत २२४, १६४ व १७४ अशा तीन बाइटांनीं लिहिलें जातें.

तथापि लांबी या शब्दाचा अर्थ मात्र येथें बदलतो. मराठी हा शब्दच घ्यावा. वाचणाऱ्याला त्यांत तीन अक्षरें दिसतात. युनिकोडच्या हिशेबानें तीं पांच चिन्हें आहेत, म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी. प्रत्येकाला तीन बाइट, म्हणून सी भाषेंतील स्ट्रलेन १५ हें उत्तर देतें. आणि मोर्तब धरून खोल्या लागतात १६. तीन, पांच, पंधरा आणि सोळा, हीं चारहि उत्तरें आपापल्या जागीं बरोबर आहेत. कोणतें उत्तर कोणत्या प्रश्नाचें, हें विसरलें कीं घोटाळा होतो. इंग्रजी नांवें डोळ्यांपुढें ठेवून दहा खोल्यांची चौकट आंखली, आणि तींत मराठी हा शब्द भरूं लागलें, तर नऊ बाइट बसतात व दहावें शून्य. पडद्यावर उमटतें तें 'मरा'. अकरा खोल्या दिल्या, तर त्यापुढें ठ या अक्षराचा एक तृतीयांश तुकडा येतो, आणि पडद्यावर प्रश्नचिन्हासारखा एक ठिपका दिसतो. आपलें नांव एखाद्या पावतीवर अर्धवट किंवा विद्रूप छापून आलें असेल, तर त्याचें कारण पुष्कळदां अशी एखादी आखूड चौकट हें असतें.

याला उपाय आहे, आणि तो अवघड नाहीं. यूटीएफ-८ मध्यें चिन्हाच्या पहिल्या बाइटानंतरचे बाइट नेहमीं १२८ ते १९१ या मर्यादेंत असतात. मजकूर कापावयाचाच असेल, तर कापण्याच्या जागीं असा बाइट आहे काय तें पाहावें; असल्यास एकेक पाऊल मागें यावें, म्हणजे चिन्ह तुटत नाहीं. त्यांतहि मात्रा, वेलांटी किंवा जोडाक्षर यांच्या मध्यें सुरी पडूं नये म्हणून आणखी मागें यावें लागतें. नाहीं तर मराठीचें मराठ होतें. दुसरी काळजी चिन्हांकित संख्यांची. कित्येक यंत्रांत सी भाषा अक्षराच्या बाइटाला ऋणसंख्याहि मानते; तेथें २२४ या संख्येचे उणे ३२ होतात. हें अक्षर आहे कीं अंक, असें विचारणाऱ्या तयार फंक्शनांना ती ऋणसंख्या चालत नाहीं. म्हणून आधीं तिला धनसंख्या करून मगच पुढें धाडावी लागते.

या सर्वांतून निघणारा बोध थोडक्यांत सांगतां येण्यासारखा आहे. सी भाषा लिहिणाऱ्यानें प्रत्येक अक्षरमालेपाशीं थांबून तीन प्रश्न स्वतःला विचारावे. हिच्यासाठीं खोल्या किती राखल्या आहेत? त्यांत शेवटच्या शून्याची खोली धरली आहे काय? आणि आंत येणारा मजकूर आपला आहे, कीं परक्याचा? परक्याचा असेल, तर तो मोजल्यावांचून आंत घेऊं नये. ज्या घरांत मुलगा किंवा मुलगी ही भाषा शिकत असेल, तेथील वडील मंडळींना भाषेचे बारकावे कळले नाहींत तरी हे तीन प्रश्न विचारतां येतील. आणि त्यांचीं उत्तरें नीट आलीं, तर शिक्षण योग्य मार्गानें चाललें आहे असें समजावयास हरकत नाहीं. मोर्तबाचा ठसा लहान असे, परंतु तो उठविणाऱ्या हाताला पत्र पुरें वाचावें लागे. सी भाषेंतील शेवटच्या शून्याचीहि तीच गोष्ट आहे.